मियाटाचा गिअर-दांडा : शॉर्ट शिफ्टर निवडतानाच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ९ मार्च २०२४

रस्त्यांवरचं हिवाळ्यातलं मीठ पावसाने धुऊन गेलं, म्हणून गाडी गॅरेजबाहेर काढली. माझदा मियाटा, २००१ सालची, दुसरी पिढी, १.८ लिटर, पाच गिअर. मुक्काम न्यू जर्सी. याच सालच्या गाड्यांवर माझदाने अमेरिकेत १५५ हॉर्सपॉवर छापली होती. नंतर ती १४२ असल्याचं मान्य केलं आणि ज्यांना गाडी नको असेल त्यांच्याकडून परत घ्यायची तयारी दाखवली. आधीच्या मालकाने ही परत दिली नाही, हे माझं नशीब.

यंदाचं काम गिअरच्या दांड्याचं. शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअर टाकताना नॉब कमी सरकवावा लागणारा दांडा (या सरकण्याला फेक म्हणतात), घालायचा का, आणि घालायचा तर कुठला.

तक्रारी दोन आहेत. त्या वेगवेगळ्या आहेत हे आधीच लिहून ठेवतो, कारण बाजारात दोन्हींवर एकच औषध विकतात. पहिली म्हणजे दांड्यात प्ले आहे. तिसऱ्यात गाडी चालू असतानाही नॉब दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलतो. गिअर पडतो, पण पडला की नाही हे हाताला कळत नाही, इंजिनाच्या आवाजावरून कळतं.

दुसरी तक्रार कोपराची. इथे स्टीअरिंग डावीकडे, म्हणजे गिअर उजव्या हाताने. माझी उंची बेताची, त्यामुळे सीट बरीच पुढे. दुसरा आणि चौथा गिअर मागे ओढायचे, आणि ओढताना कोपर कन्सोलवरच्या कप-होल्डरच्या कडेला लागतं. उंच माणसाला हा त्रास होत नाही. त्याचा खांदा मागे असतो, हात सरळ राहतो.

मियाटाचा दांडा कारखान्यातूनच आखूड फेकीचा येतो. तो थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो, मध्ये केबल नाही की लांब रॉड नाही. शिवाय गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट आहे, पॉवर प्लांट फ्रेम. ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की दोन्ही एकमेकांना धरून राहतात. एवढं असताना माझा दांडा ढिला का, हे आधी बघायचं.

शनिवार, १६ मार्च

दांड्याला हात लावण्याआधी क्लच तपासला. या गाड्यांचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा, गळायला लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. गळला की क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खरखरतात, आणि मालक शिफ्टर शोधत बसतो. गाडीखाली उजवीकडून बेल हाउसिंगवरचा (क्लचभोवतीच्या कवचावरचा) सिलिंडर गाठला आणि त्याचं रबरी टोपण सरकवून बघितलं. कोरडं. मग इंजिन चालू ठेवून क्लच दाबून धरला, थोडं थांबून रिव्हर्स टाकला. आवाज नाही. क्लच सुटला.

आता वरून. नॉब उलटा फिरवून काढला, कन्सोलचे स्क्रू काढून तो उचलला. खाली मोठं रबरी बूट, त्याखाली लहान बूट. लहान बूट एका बाजूने पूर्ण फाटलेलं. लांबच्या प्रवासात कन्सोल गरम का होतो आणि गिअरबॉक्सची कुरकुर आत का ऐकू येते, त्याचं उत्तर इथेच मिळालं. मग तीन बोल्ट, आणि दांडा सरळ वर.

ज्या विहिरीत दांड्याचं खालचं टोक बुडलेलं असतं तिथे वेगळं तेल असतं, शंभर मिलीपेक्षा थोडं कमी. गिअरबॉक्सचं तेल बदललं तरी हे आपोआप बदलत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत ते कुणी बघितलेलंच नसतं. माझ्यात तळाशी जेमतेम काळा चिखल होता. दांड्याच्या टोकावर नायलॉनची वाटी असते, तीच बुश. तिचे तुकडे झाले होते. लांब चिमट्याने एकेक काढले. दांडा ज्या चेंडूवर झुलतो त्याच्याखालची बैठकही चपटी झालेली.

मागवलं : नायलॉन बुश, बैठक, स्प्रिंग वॉशर, दोन्ही बूट. सगळे कंपनीचे. पितळी बुशही मिळतं आणि हाताला अधिक कडक लागतं, पण धातूवर धातू आला की कंप वर येतो. रोजच्या गाडीत मला ते नको.

रविवार, २४ मार्च

काल दिवसभर पाऊस. गाडीला हात न लावता कागद-पेन्सिल.

शॉर्ट शिफ्टर म्हणजे तरफेचं गणित, दुसरं काही नाही. दांडा एका चेंडूवर झुलतो. चेंडूच्या वरची लांबी भागिले खालची लांबी हे प्रमाण. खालच्या टोकाला गिअर पडण्यासाठी जेवढं सरकावं लागतं ते गिअरबॉक्सने ठरवलेलं आहे, ते बदलता येत नाही. बदलतं ते वरचं.

हिशोबासाठी गोल आकडे घेतो. वर २०० मिमी, खाली ४० मिमी, म्हणजे पाचास एक. आता चेंडू १० मिमी वर उचलला आणि नॉबची उंची तीच ठेवली. वर १९०, खाली ५०. प्रमाण ३.८. नॉबची फेक २४ टक्के कमी झाली. पण जोर १ भागिले ०.७६, म्हणजे जवळजवळ ३२ टक्के जास्त. फेकीत जे वाचवलं ते मनगटाने भरायचं. ४० टक्के फेक कमी करणाऱ्या दांड्याला जोर दोन-तृतीयांशाने जास्त लागणार. खोक्यावर पहिला आकडा ठळक असतो, दुसरा नसतोच. एसटीच्या जुन्या गाड्यांचा तो कमरेएवढा दांडा लांब का होता, तेही याच गणितात आहे. तिथे ड्रायव्हरला दिवसभर गिअर टाकायचे असतात आणि आत गिअरची चाकं जाडजूड असतात.

दुसरा मार्ग म्हणजे चेंडू जागेवर ठेवून वरून दांडा कापायचा किंवा बुटका नॉब लावायचा. २०० चे १७० केले तर प्रमाण ४.२५, फेक १५ टक्के कमी. स्वस्त आहे. पण नॉब खाली जातो, स्टीअरिंगपासून लांब जातो, आणि माझं कोपर आणखी मागे-खाली. माझ्यासाठी बाद.

लोक पुढे-मागेच बघतात, पण दांडा डावी-उजवीकडेही झुलतो. चेंडू वर गेला की आडवी फेकही कमी होते, गिअरांच्या गल्ल्या जवळ येतात. गाडी जोरात पळवणाऱ्याने हे जरा नीट वाचावं. माझ्या गिअरबॉक्सची प्रमाणं : पहिला ३.१३६, दुसरा १.८८८, तिसरा १.३३०, चौथा १, पाचवा ०.८१४. इंजिनाची लाल रेघ, म्हणजे मिनिटाला फेऱ्यांची मर्यादा, ७,०००. तिसऱ्यात ७,००० वरून चौथा ओढताना हात डावीकडे सरकून दुसरा पडला, तर क्लच सोडताच इंजिनाला ९,९०० च्या पुढे फिरावं लागेल. व्हॉल्व्ह वाकायला तेवढं पुरे. दोन्हीही मागेच ओढायचे, फरक फक्त गल्लीचा. म्हणून मधल्या गल्लीत परत आणणारी स्प्रिंग चांगली असणं हे मला फेकीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

सिंक्रोचंही, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्याचंही, मांडून ठेवतो. पहिल्यातून दुसऱ्यात ७,००० वर जाताना फेरे ४,२०० च्या आसपास आले पाहिजेत. म्हणजे इनपुट शाफ्ट आणि क्लच प्लेट यांना साधारण २,८०० फेऱ्यांनी मंद करायचं काम ते कोनाकृती कडं घासून घासून करतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात हा फरक दोन हजारांवर येतो. त्यामुळे दुसऱ्याचा सिंक्रो सगळ्यात जास्त राबतो आणि तोच आधी कुरकुरतो. दांडा आखूड केल्याने सिंक्रोला लागणारा वेळ कमी होत नाही. फक्त आपला हात लवकर पोहोचतो आणि तिथे वाट बघत दाबत राहतो.

ऑफिसमधल्या मित्राकडे जुनी बीएमडब्ल्यू आहे, ई३६. त्याचं दुखणं वेगळं. त्याच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत रॉड, सांधे, वॉशर, रबरी बुश अशी वरात आहे. ई३६वाली मंडळी पूर्वीपासून बीएमडब्ल्यूच्याच झेड३ १.९ या गाडीचा दांडा घालतात. कंपनीचाच भाग, भूमिती थोडी आखूड, आणि कारखान्याचा रबरही शाबूत. युक्ती मला आवडते. पण त्याच्याकडे त्या कामासाठी गाडीखाली जाऊन एक्झॉस्ट आणि उष्णतेचा पत्रा उतरवावा लागतो. मी खुर्चीत बसून करणार.

शुक्रवार, ५ एप्रिल

घरून काम, म्हणून सकाळी मीटिंगच्या आधी गिअरबॉक्सचं तेल. गाडी चारही स्टँडवर. आधी भरण्याचा प्लग सोडला, मगच खालचा. भरण्याचा अडकला आणि तेल आधीच खाली आलं तर गाडी तिथेच बसते. चुंबकावर बारीक राखाडी लेप होता, पितळी चकाकी किंवा तुकडे नव्हते. दोन लिटर नवं ७५डब्ल्यू-९० घातलं, जीएल-४ दर्जाचं. काही जीएल-५ तेलांतली गंधक-फॉस्फरसची भर तांब्याच्या मिश्रधातूंना सोसत नाही, आणि फार निसरडं तेल सिंक्रोला घासूच देत नाही. सिंक्रोला घर्षण लागतं, ते त्याचं पोट आहे.

मी बाहेर येऊन हात पुसत होतो आणि १० वाजून २३ मिनिटांनी जमीन हलली. ४.८ चा भूकंप, केंद्र न्यू जर्सीतच. स्टँडवरची गाडी अंगात आल्यासारखी डोलली, पण बसून राहिली. संध्याकाळपर्यंत तिच्याखाली गेलो नाही.

शनिवार, ६ एप्रिल

मूळ दांडाच नव्या भागांसह परत बसवला. विहीर पुसून घेतली, ताजं तेल सिरिंजने भरलं, चेंडूला ग्रीस लावलं, बूट नीट कडेला बसवले. काम सकाळच्या चहापासून जेवणापर्यंतचं, तेही रमतगमत.

फरक मोठा आहे. नॉब आता तिसऱ्यात हलत नाही. गिअर पडताना मध्ये एक हलकी खाच लागते आणि मग तो स्वतः आत ओढला जातो. ही खाच नवी नाही, तुटलेल्या बुशमध्ये ती विरून जात होती. कन्सोल थंड. माझी पहिली तक्रार एवढ्यावर मिटली. सगळ्या भागांचा खर्च एका चांगल्या शॉर्ट शिफ्टरच्या पाव किमतीतही आला नाही. वीस-पंचवीस वर्षं जुन्या गाडीत हे न करता नवा दांडा घालणाऱ्यांना जो 'जादूचा फरक' जाणवतो, त्यातला बराचसा खोक्यात फुकट आलेल्या नव्या बुशचा असतो, असं माझं मत आहे.

कोपर मात्र अजून आपटतंय.

मंगळवार, ९ एप्रिल

पाडवा. पुण्याला फोन केला. बाबांना गिअरचं सांगितलं.

"पडतोय ना गिअर? मग बदलतोस कशाला?"

"बाबा, कोपर लागतं."

"आमच्या फियाटला दांडा स्टीअरिंगलाच होता. कोपर लागायचा प्रश्नच नव्हता."

खरं आहे. प्रीमियर पद्मिनीचा तो स्टीअरिंगच्या खुंटावरचा दांडा, आणि त्याच्या खालच्या लिंकेजची झिजलेली बुशं. पहिला गिअर कुठे सापडेल हे रोज नव्याने शोधावं लागायचं, हे ते आता विसरलेत. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "बुश बदललं की व्हायचं नीट." म्हणजे माझ्या शनिवारच्या निष्कर्षावर ते माझ्याआधी पोहोचले होते. आई मागून म्हणाली, साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, घ्यायचं ते आजच घे. घेतलं नाही. आधी हाताने बघायचं आहे.

शनिवार, २० एप्रिल

ओळखीतल्या एकाने त्याचा शॉर्ट शिफ्टर आठवडाभरासाठी दिला. त्याच्याही गाडीत हाच पाच गिअरचा गिअरबॉक्स. सहा गिअरचा गिअरबॉक्स पूर्ण वेगळा, त्याचे दांडे इथे चालत नाहीत. विकत घेताना हे आधी बघायचं. त्याची गाडी फक्त ट्रॅकवर जाते. दांडा अखंड स्टीलचा, टोकाला पितळी बुश, फेक ४० टक्के कमी असा दावा.

बसवला. उभ्या गाडीत फारच छान लागतो. मनगट हललं की गिअर. शोरूममध्ये कुणालाही विकता येईल.

रविवार, २१ एप्रिल

सकाळी लवकर निघून न्यूयॉर्कच्या हद्दीत, हॅरिमन पार्कातल्या सेव्हन लेक्स ड्राइव्हवर. तळ्यांच्या कडेने वळणं, गर्दी नाही.

गिअरबॉक्स थंड असताना दुसरा गिअर हट्टी. दांडा अर्ध्यावर थांबतो आणि दाबून धरावं लागतं. मूळ दांड्यावर हाच थंड दुसरा जरासा रेंगाळायचा. जोर दोन-तृतीयांशाने वाढणार हे कागदावर लिहिलं होतं, आज ते तळहातात कळलं. तेल गरम झाल्यावर बरंच सुधारलं, आणि तिसऱ्यातून चौथा हा बदल खरोखर सुंदर. कोपर कुठेच लागलं नाही. म्हणजे दुसरी तक्रार भूमितीनेच सुटणार, हे नक्की.

पण पाचव्यातून चौथ्यात येताना एकदा हात दुसऱ्याच्या तोंडाशी गेला. गल्ल्या इतक्या जवळ आहेत की शरीराला अजून अंतर पाठ नाही. सवयीने जमेल, पण महिन्यातून काही दिवस चालणाऱ्या गाडीत सवय कधी लागायची?

परतीच्या वाटेवर गार्डन स्टेट पार्कवे. पाचव्यात ताशी ७० मैल म्हणजे ३,६०० फेरे, आणि नेमक्या तिथे अखंड स्टीलचा दांडा गुणगुणत राहतो. कंपनीच्या दांड्यात वरचा आणि खालचा भाग यांच्यामध्ये रबर आहे, ते याच्यासाठीच. त्या रबराला लोक नावं ठेवतात. घरी पोहोचेपर्यंत माझं त्याच्याबद्दलचं मत चांगलं झालं होतं.

शनिवार, ४ मे

निवड झाली. लिहून ठेवतो कशावरून केली ते.

टक्केवारीवरून नाही. कोपरासाठी किती मिलिमीटर हवेत हे मूळ दांड्यावर चौथा टाकून, कप-होल्डरच्या कडेपासून मोजलं. नॉब मागच्या बाजूला साधारण बोटभर अलीकडे थांबला तर काम होतं. त्याला पाचवा हिस्सा फेक कमी केली तरी पुरे. चाळीस टक्के लागतच नाहीत. त्यावरचं सगळं मनगट आणि थंड सिंक्रो यांच्या खात्यावर उधार.

घेतला तो दांडा दोन भागांचा, मध्ये रबर. चेंडू वर उचलायला गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक जाड चकती येते. बुश नायलॉनचं, कंपनीचंच बसतं, म्हणजे पुन्हा झिजलं तर कुणाच्या दुकानावर अवलंबून नाही. मधली स्प्रिंग मूळचीच राहते. उंची कमी-जास्त करता येणारे दांडेही बघितले, पण त्यात आणखी एक सांधा आणि आणखी एक चेकनट. नुकताच प्ले घालवलाय, तो परत विकत आणायचा नाही.

नॉब वेगळा. माझदाचा आटा १० मिमी, पिच १.२५. भरीव स्टीलचे जड नॉब लोकप्रिय आहेत, आणि वजनाचा फायदा खरा आहे. खाचेतून पुढे जाताना वस्तुमान हाताला मदत करतं. पण छप्पर उघडून जुलैत गाडी उभी केली की स्टीलला हात लाववत नाही आणि जानेवारीत धरवत नाही. डेल्रिन या कडक प्लॅस्टिकचा घेतला, मूळ नॉबपेक्षा १५ मिमी उंच.

शॉर्ट शिफ्टर घ्यायचा आणि वर उंच नॉब लावायचा, यावर मित्र हसला. हिशोब असा : १९० चे २०५ झाले, खाली ५०, प्रमाण ४.१. मुळातल्या पाचावरून फेक १८ टक्के कमी, जोर २२ टक्के जास्त. आणि नॉब स्टीअरिंगच्या जवळ आला. चाकावरून हात उचलून नॉबपर्यंत जायचं अंतर कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं, पण गिअर बदलायला लागणाऱ्या वेळात तेही येतं.

शनिवार, १८ मे

बसवला. चकतीच्या दोन्ही बाजूंना सीलंटचा पातळ थर, नाहीतर विहिरीतलं तेल कडेने पाझरतं. चकती आली तरी तेलाची पातळी तीच ठेवायची, चकतीपर्यंत भरायचं नाही. वरचं बूट थोडं ताणून बसलं.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघितले, विशेषतः रिव्हर्स आणि पाचवा. दांडा कन्सोलच्या भोकाच्या कडेला टेकत असेल तर गिअर पूर्ण पडत नाही आणि भार पडल्यावर बाहेर उडतो. दुसऱ्यात आणि चौथ्यात मागे बोट जाईल एवढी जागा आहे. ठीक.

शनिवार, १ जून

पोर्ट जर्व्हिसवरून पुढे, डेलावेअर नदीच्या वर कड्यात कोरलेला हॉक्स नेस्टचा रस्ता. दुसरा-तिसरा-दुसरा असा सतत. कोपर मोकळं. थंड असताना दुसरा मूळ दांड्याइतकाच रेंगाळतो, जास्त नाही. पहिल्या काही मैलांत मी तिथे घाई करत नाही, क्षणभर न्यूट्रलमध्ये थांबून मग ओढतो. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना नॉब नुसता तळव्याने मागे ओढायचा, बोटांनी डावीकडे दाब द्यायचा नाही. स्प्रिंग त्याला मधल्याच गल्लीत ठेवते.

३,६०० वर अजून एक बारीक झणझण येत होती. नॉब मुठीत घट्ट धरला तरी थांबेना, म्हणजे दांडा नव्हे. ॲशट्रेच्या झाकणाची निघाली. फेल्टची पट्टी लावली. दांड्याचं काम संपलं, पुढची नोंद मागच्या ब्रेकच्या कॅलिपरची.